डब्यातली नाणी आणि गाठीतली अमानत

कोकणातल्या बोटवाल्यांच्या घरात बहुधा एक डबा असतो. बिस्किटांचा, चॉकलेटचा, नाहीतर तंबाखूचा. त्यात परमुलखातली नाणी असतात आणि ती कुणी कधी मोजलेली नसतात. पोरं त्यांच्याशी दुकान-दुकान खेळतात, मोठी झाली की विसरतात. घरातलं वडीलधारं माणूस अल्लाहला प्यारं झालं आणि वाटण्यांची गोष्ट निघाली, की हाच डबा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो.

आमचं घर दाभोळच्या खाडीकाठी. आमचे नाना, म्हणजे आईचे वडील, बोटीवर आगवाला होते. बॉयलरसमोर कोळसा ओढण्यात त्यांची जवानी गेली. त्यांनी आणलेला डबा नानींकडे होता आणि नानींनी हयातीतच तो अम्मींच्या हाती दिला. मरहूमा अम्मींच्या इंतिकालानंतर तो आम्हा तिघा भावंडांकडे आला. दोन भाऊ, एक बहीण. अब्बा आधीच गेलेले. म्हणजे हिशोब सरळ होता: पाच वाटे, भावांना दोन-दोन आणि बहिणीला एक. पण कशाचे पाच वाटे? डब्यात काय आहे तेच कुणाला ठाऊक नव्हतं.

शहरातल्या एका व्यापाऱ्याने फोनवर फोटो बघून डबा एकगठ्ठा मागितला होता. धाकट्याला घराचं छप्पर दुरुस्त करायचं होतं, त्याला पैसे हवे होते. थोरला कुवेतला, तो म्हणाला, देऊन टाका आणि रक्कम वाटून घ्या. बहीण मात्र म्हणाली, "जी वस्तू काय आहे हेच माहीत नाही, तिचा वाटा मी कशी कबूल करू? आणि अम्मींवर काही देणं राहिलं असेल तर ते आधी फेडायला नको?" तिचं म्हणणं बरोबर होतं. मय्यताचं कर्ज वाटणीच्या आधी फेडायचं असतं, आणि राहिलेली जकात हेही कर्जच. डब्यात चांदी किती आहे हे कळल्याशिवाय जकातीचा हिशोब होणार नव्हता. थोरल्यालाही ते पटलं. रमजानच्या सुटीत तो गावी आला, तेव्हा आम्ही तिघांनी आठ दिवस बसून एकेक नाणं ओळखायचं ठरवलं. साधनं मोजकीच होती: सोनाराकडचा छोटा वजनकाटा, एक भिंग, शिवणाच्या डब्यातला लोहचुंबक, वही आणि पेन.

पहिल्याच दिवशी एक नियम केला. नाणं घासायचं नाही. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काही लावायचं नाही. पितळेची भांडी चमकली की बरी दिसतात, पण नाण्यावरचा काळपट थर घासून गेला की बारीक अक्षरं झिजतात आणि जाणकाराच्या लेखी त्याची किंमतही उतरते. फार माती असेल तर साध्या पाण्यात भिजवायचं आणि मऊ कापडावर टिपून घ्यायचं, बस्स.

मग लिपीप्रमाणे ढिगारे केले. इंग्रजी अक्षरांची नाणी एकीकडे, अरबी-फारसी अक्षरांची दुसरीकडे, नुसतीच चित्रं असलेली तिसरीकडे. इथे आमच्या घरातल्या पोरांनी आम्हाला चकित केलं. मक्तबात नाजरा पूर्ण केलेली बारा वर्षांची भाची भिंगातून एक नाणं बघून म्हणाली, "मामू, यावर 'दुरिबा फी मिस्र' लिहिलंय." म्हणजे हे मिसरात पाडलं. जगभरचे नाणी जमवणारे ज्या ओळीपाशी अडतात, ती आपल्या घरातली पोर सहज वाचते. ज्वाद, रे, बे ही तीन अक्षरं लक्षात ठेवावीत. अरबीत ती 'दुरिबा' होतात, म्हणजे 'पाडलं गेलं'. आपल्याकडच्या मुघल आणि निजामशाही नाण्यांवर तीच अक्षरं फारसी वळणाने 'जर्ब' म्हणून वाचतात. त्यांच्या आसपास टांकसाळीच्या गावाचं नाव असतं. ते वाचलं की नाण्याचं गाव कळलं.

आकड्यांत मात्र जपावं लागतं. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. घाईत पाचाला शून्य वाचलं की साल कुठल्या कुठे जातं. शिवाय लिपी उजवीकडून डावीकडे असली, तरी आकडा डावीकडून उजवीकडेच वाचायचा. साल हिजरी असतं. त्याचं इसवी साल काढायला सोपी रीत आहे: हिजरी सालाला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. एखाद्या वर्षाचा फरक पडेल, पण काम भागतं. मिसरच्या राजा फारूकच्या नक्षीदार कडेच्या तांबड्या नाण्यांवर १३५७ आणि १९३८ ही दोन्ही सालं असतात. पोरांना शिकवायला याहून चांगलं नाणं नाही. हिशोब करा आणि उत्तर नाण्यावरच पडताळून बघा.

तुर्की उस्मानी नाण्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यावर सुलतानाचा तुगरा असतो, त्याच्या नावाची वेलबुट्टीसारखी गुंफण. साल असतं ते नाणं पाडल्याचं नव्हे, तर सुलतान तख्तावर बसल्याचं. दुसरीकडे एक छोटा आकडा असतो, तो कारकिर्दीचं कितवं वर्ष ते सांगतो. आमच्या डब्यात १३२७ चं एक नाणं होतं आणि छोटा आकडा होता ५. १३२७ पासून पाचवं वर्ष म्हणजे १३३१, इसवी १९१३. सुलतान मेहमद रशादच्या काळातलं. इस्तंबूलचं नाव नाण्यावर 'कुस्तुंतुनिया' असं येतं, हेही ध्यानात असू द्यावं.

डब्यातली सर्वांत मोठी नाणी पाच होती. पुरी तळहातभर नसली तरी जुन्या रुपयापेक्षा बरीच मोठी, वजन २८ ग्रॅम. एका बाजूला पदर घेतलेली भरल्या अंगाची राणी, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड, साल १७८०. साल बघून धाकट्याचे डोळे चमकले. सव्वादोनशे वर्षांहून जुनं नाणं! पण हे नाणं जगात याच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा १७८० साली वारली. तिच्या नाण्यावर यमन, हबशा आणि तांबड्या समुद्रावरच्या व्यापाऱ्यांचा इतका भरवसा होता, की ती गेल्यावरही तेच साल घालून ते पाडत राहिले. साल बदललेलं नाणं बाजारात कुणी घेत नसे. राणीच्या खांद्यावरच्या ब्रोचमध्ये नऊ मोती असतात, ते मोजून अरब व्यापारी नाणं पारखत. यमनमध्ये त्याला 'रियाल फ्रान्सी' म्हणत, जरी त्याचा फ्रान्सशी काही संबंध नव्हता. आणि गंमत अशी की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४०-४१ मध्ये, हे नाणं आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं गेलं. तेव्हा नानांनी एडनच्या बाजारातून आणलेली राणी मुळात मुंबईचीच असू शकते. १७८० चा आकडा बघून कुणी लाखांची भाषा केली तर भुलू नये. तसंच कुणी "नकली आहे" म्हणून फुकटात मागितलं तर तेही ऐकू नये. त्यात हजारी ८३३ भाग चांदी असते आणि ती खरी असते.

मग आले आपले रुपये. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा आणि सहावा जॉर्ज. इथे साल बघणं फार गरजेचं. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून युद्धामुळे चांदी निम्म्यावर आली. १९४७ च्या रुपयावर वाघ आहे आणि तो निव्वळ निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. तिन्ही रुपये ठेवणीने सारखेच, पण त्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. डबा एकगठ्ठा विकणारा माणूस हे तिन्ही एकाच भावाने देऊन टाकतो.

भाभींचं माहेर मराठवाड्यातलं. आमचा उद्योग बघून त्यांनीही माहेरची दोन नाणी काढली. त्यांवर चारमिनार होता. मधल्या कमानीत एक 'ऐन' अक्षर असतं, ते मीर उस्मान अली खान यांच्या नावाचं पहिलं अक्षर. आणि ९२ हा आकडा असतो. हा आकडा साल नव्हे, किंमतही नव्हे. अबजदच्या हिशोबाने मीमचे ४०, हेचे ८, पुन्हा मीमचे ४० आणि दालचे ४ मिळून ९२ होतात, म्हणजे हुजूर (स.) यांचं मुबारक नाव. ही उस्मानिया सिक्क्याची चलनं. इंग्रजी सहा रुपयांना हाली सात रुपये पडत. भाभींच्या आजोबांच्या वहीत दोन्ही रुपयांचे हिशोब शेजारी-शेजारी होते. ते का, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

चांदीचा हिशोब असा निघाला. १९३९ पर्यंतचे रुपये ३४, त्यानंतरचे निम्म्या चांदीचे ९, आणि राणीची नाणी ५. सगळ्यांचं मिळून वजन सुमारे ६४० ग्रॅम. आपल्याकडे चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम मानतात. दोनशे दिरहमांचा हिशोब काहीजण ५९५ ग्रॅमही धरतात. नुसत्या वजनाने बघितलं तर निसाब पूर्ण होत होता. पण कोकणातले आपण बहुतेक शाफई, आणि शाफई मसलकात मिश्र धातूतली निव्वळ चांदी धरतात. ती भरली सुमारे ५३० ग्रॅम. आम्ही वही घेऊन मौलानांकडे गेलो. त्यांनी एकेक ओळ वाचली, अम्मींकडे दुसरी रोकड किती असायची ते विचारलं आणि मग सांगितलं, की या डब्यापोटी अम्मींवर जकातीचं देणं उरत नाही. हा निर्णय आमच्या घरापुरता. हनफी मसलकात मिश्र धातूचा हिशोब वेगळा होतो आणि ज्यांच्याकडे रोकड आहे त्यांचंही गणित वेगळं. आपापल्या आलिमांना विचारावं. पण विचारायला जाताना वजन आणि शुद्धता लिहून न्यावी. मौलाना आम्हाला म्हणाले, "लोक येतात आणि 'थोडी चांदी आहे' म्हणतात. थोडीवर मसला कसा सांगू?"

एवढं झाल्यावर डब्याच्या तळाशी राहिली एक गाठ. जुन्या हिरव्या काठाच्या रुमालात बांधलेली. लहानपणापासून ती आम्ही बघत आलो होतो. अम्मी ती सोडू देत नसत. त्यात २५ नाणी आणि पितळेची एक गोल चकती निघाली.

१७ नाणी एका जातीची: एका बाजूला इंग्रजांचा राजा, दुसऱ्या बाजूला डोंगरांपुढे उभा सिंह आणि 'ईस्ट आफ्रिका' ही अक्षरं. हा पूर्व आफ्रिकेचा शिलिंग, १९२१ पासूनचा. त्याआधी तिकडे आपला हिंदुस्तानी रुपयाच चालत असे. सहा नाणी तांबड्या रंगाची, मधोमध भोक आणि भोवती हत्तीचे सुळे. हे त्याच मुलखाचे दहा सेंट. राहिलेली दोन तांब्याची, त्यांवर तराजू आणि अरबी अक्षरं.

तराजू बघून आम्ही थबकलो, कारण तराजूचं एक नाणं मोठ्या डब्यातही होतं. ते कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याचं पाव आण्याचं, १८३० च्या सुमाराचं. त्याच्या तराजूच्या दोन पारड्यांमध्ये 'अद्ल' हा शब्द आहे, म्हणजे न्याय, आणि मागच्या बाजूला कंपनीचं चिन्ह. रुमालातल्या नाण्यांवर मात्र कंपनीचं काही नव्हतं. मागच्या बाजूला सुलतान बर्गश बिन सईद यांचं नाव होतं आणि साल १२९९, म्हणजे इसवी १८८२. ही झांजीबारची पैसा नाणी. एकच चित्र असलेली दोन नाणी, आणि त्यांच्या मुलखांमध्ये अख्खा अरबी समुद्र. म्हणूनच नाणं ओळखताना चित्रावर भिस्त ठेवू नये, अक्षर वाचावं.

पण नाना आफ्रिकेत कधी गेले? अम्मी सांगायच्या ती सगळी लंडनच्या बोटींची कहाणी: एडन, सुएझ, पोर्ट सईद. थोरला म्हणाला, एडनलाही पूर्व आफ्रिकेचे शिलिंग चालायचे. खरं आहे. पण ते १९५१ पासून. त्याआधी एडनला आपला रुपया होता. मग आम्ही नानांच्या बोटीच्या नोकरीचं जुनं पुस्तक काढलं. त्यातला शेवटचा शिक्का १९४९ चा. त्यानंतर नाना दम्याने घरीच होते.

आणि रुमालातल्या शिलिंगांची सालं? सर्वांत जुना १९२४ चा, सर्वांत नवा १९५२ चा. १९४६ पर्यंतच्या शिलिंगांवर राजाच्या नावापुढे हिंदुस्तानचा सम्राट अशी पदवी लॅटिनमध्ये आखडून लिहिलेली असते. १९४८ पासूनच्या नाण्यांवरून ती गेली, कारण हिंदुस्तान त्याच्या हातून गेला होता. रुमालातले पाच शिलिंग या पदवीविना होते. नाणी ओळखणारे एक गोष्ट पक्की धरतात: गाठोड्यातलं सर्वांत नवं नाणं ज्या सालचं, गाठ त्याच्या आधी बांधलेली असू शकत नाही. म्हणजे ही गाठ १९५२ नंतर कधीतरी बांधली गेली. तेव्हा नाना घरी होते. नाणी त्यांची नव्हती.

राहिली पितळी चकती. तिला कडेला भोक, मधोमध ३१६ हा आकडा ठोकलेला आणि वर इंग्रजी अक्षरं: के यू आर अँड एच. अशा चकत्यांना टोकन किंवा बिल्ला म्हणतात. नाणं सरकार पाडतं, म्हणून त्याची नोंद पुस्तकांत सापडते. बिल्ला एखादा कारखाना, गोदी, मळा नाहीतर कँटीन पाडतं आणि तो त्याच आवारात चालतो. कामगार हजेरीला आला की बिल्ला घ्यायचा, सुटताना परत द्यायचा. त्याला बाजारात किंमत नसते, पण तो ज्याच्या खिशात होता त्याचं काम सांगतो. ही अक्षरं होती केनिया अँड युगांडा रेल्वेज अँड हार्बर्स यांची. १९४८ मध्ये ही रेल्वे पूर्व आफ्रिकेच्या मोठ्या रेल्वेत विलीन झाली. म्हणजे या चकतीचा धनी त्याआधीपासून तिकडच्या रेल्वेत किंवा मोंबासाच्या बंदरात कामाला होता.

आता पुस्तकांचं काम संपलं होतं. आम्ही मोहल्ल्यातल्या सर्वांत वयस्कर खालांकडे गेलो. नव्वदीच्या आहेत, नजर अधू, पण आठवण पक्की. रुमाल हातात दिला तसा त्यांनी काठ चाचपला आणि म्हणाल्या, "ही गाठ तुमची नाय रे पोरांनो. ही वरच्या घराची." मग त्यांनी सांगितलं. वरच्या घरातले एकजण मोंबासाला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. खाला नवी नवरी होऊन मोहल्ल्यात आल्या त्याच्या पुढच्या वर्षी ते सुटीवर आले. परत जाताना गाठ आमच्या नानींकडे ठेवून गेले. तेव्हा त्यांच्या घरी भावाभावांत वाद चालू होते. "मी येईन तेव्हा दे, नाहीतर माझ्या पोराला दे," असं म्हणाले. ते आले नाहीत. तिकडेच वारले. बायको पोराला घेऊन मुंबईला भावाकडे गेली आणि वरचं घर पडलं.

आमच्यात कुणी काही बोललं नाही. सत्तर वर्षं ती गाठ आमच्या घरात होती आणि तीन बायकांनी मिळून सांभाळलेली होती, असं म्हणायला हवं: ठेवून घेणाऱ्या नानी, सोडू न देणाऱ्या अम्मी आणि ओळखणाऱ्या खाला. थोरल्याने वहीतली ती २५ नाण्यांची पानं वेगळी काढली. धाकट्याने, ज्याला पैशांची सर्वांत जास्त गरज होती, आधी विचारलं, "त्यांचं कोण कुठे असेल?" अमानत तिच्या धन्याला पोहोचवा, हा हुकूम ज्या सूरह निसामध्ये आहे, वारसांचे वाटेही तिथेच सांगितले आहेत. एक पाळायचा आणि दुसरा सोडायचा, असं होत नाही.

शोधायला दीड महिना लागला. जमातीच्या लोकांना विचारत-विचारत मुंब्र्याला एक पत्ता मिळाला. मोंबासावाल्यांचा मुलगाही हयात नव्हता. त्यांची नात होती, एका शाळेत शिक्षिका. आम्ही तिघंही गेलो. रुमाल, नाण्यांची यादी आणि खालांनी सांगितलेलं सगळं लिहून घेतलेला कागद समोर ठेवला. शिलिंगांना फार मोठी किंमत येणार नाही, जुन्यांत पाव भाग चांदी आहे, १९४८ पासूनच्यांत तीही नाही, हेही साफ सांगितलं. त्या बाईंनी नाण्यांकडे बघितलंच नाही. चकती उचलली, तिच्यावरचा आकडा दोनदा वाचला. म्हणाल्या, "दादा आफ्रिकेत दुकानात होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. रेल्वेत होते, हे आज कळलं." मग त्यांनी टेबलावरचं पेन घेतलं आणि आमच्याच यादीच्या मागे लिहायला सुरुवात केली: अब्बांच्या पश्चात अम्मी, मी, माझे दोन भाऊ, आणि अब्बांची एक बहीण कराचीला होती, तिची मुलं. "दादांचं आहे ना, म्हणजे फुफूचाही वाटा आहे," त्या म्हणाल्या.

आमच्या डब्याचे पाच वाटे त्यानंतर झाले. नाणी ओळखलेली असल्याने भांडायला काही उरलंच नव्हतं. धाकट्याने आपल्या वाट्याचे रुपये विकून छपराचं काम काढलं. डबा एकगठ्ठा गेला असता तर त्याच्या वाट्याला याहून बरंच कमी आलं असतं. बहिणीने राणीचं एक नाणं भाचीसाठी ठेवलं.

ज्यांच्या घरी असा डबा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून थांबतो. डब्यातलं गाठोडं, पुडी, पिशवी जशी असेल तशी आधी फोटो काढून ठेवा. नाणी एकत्र ओतली की कोणतं कशासोबत होतं ही साक्ष पुसली जाते. प्रत्येक नाण्याचं वजन, साल, अक्षरं वहीत उतरवा आणि नाणं कागदाच्या पुडीत ठेवा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात त्यावर हिरवा चिकट थर चढतो. अडलं तर मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं चलनाचं संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. तिथे बघून, विचारून खूप काही कळतं.

फोनवर येणाऱ्या आमिषांपासून दूर राहा. ७८६ आकड्याची नोट, मक्का-मदिनेचं चित्र असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनीचं' नाणं लाखांना घेतो म्हणणारे आधी तुमच्याकडूनच 'फी' मागतात. कंपनीने असली नाणी कधी पाडली नाहीत. तसे तुकडे मागाहून बनवून विकलेले आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि तिच्या नावाने कुणी फी मागितली तर देऊ नका. कायदाही माहीत असावा: शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय परदेशात नेता येत नाही, मग ते आखातातल्या भावाला भेट म्हणून का असेना. आणि जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर ते कलेक्टरला कळवावं लागतं.

चौथी गोष्ट सर्वांत तातडीची. चांदी अजून शंभर वर्षं टिकेल, पुस्तकंही मिळतील. पण रुमालाचा काठ ओळखणाऱ्या खाला प्रत्येक मोहल्ल्यात आता एखाद-दोनच उरल्या आहेत. डबा घेऊन आधी त्यांच्याकडे जा.